शेखाडीला काय उतरतंय, हे कोणाला माहीत होतं?

१९९३ च्या फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातल्या शेखाडी किनाऱ्यावर दोनदा माल उतरला. पहिली खेप २ आणि ३ तारखेच्या दरम्यानच्या रात्री, दुसरी त्यानंतर चार-पाच दिवसांनी. त्याआधी ९ जानेवारीला थोडं उत्तरेला, राजपुरी खाडीच्या तोंडाशी असलेल्या दिघी बंदरात आणखी एक खेप उतरली होती. १२ मार्चला, शुक्रवारी दुपारी, मुंबईत एकामागून एक स्फोट झाले. २५७ माणसं गेली, ७१३ जखमी झाली. या स्फोटांतलं आरडीएक्स हे स्फोटक शेखाडीच्या वाळूवरून आलेलं होतं.

या स्फोटांच्या खटल्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. बहुतेक लिखाण मुंबईच्या बाजूने, दाऊद इब्राहिम आणि टायगर मेमन या सूत्रधारांच्या बाजूने आहे. इथे मी तो किनाऱ्याच्या बाजूने मांडतो आहे. गुन्हा उघड होणं आणि गुन्हा कोर्टात शाबित होणं यांत किती अंतर असतं, हे समजून घ्यायला कोकणातलं याहून मोठं प्रकरण मला माहीत नाही. अनेकांना वाटतं, गुन्हा लपलेला असतो म्हणून सुटत नाही. शेखाडीत काहीच लपलेलं नव्हतं. पडाव म्हणजे माल किनाऱ्याला आणणारी होडी आली, हमाल लागले, ट्रक लागले, रस्त्याला लागल्यावर नाके लागले. हे सगळं बघणारी माणसं डझनांनी होती.

चांदीची सवय

सत्तर-ऐंशीच्या दशकांत श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात ‘लँडिंग’ हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नसे. दुबईहून सोनं यायचं, चांदीच्या विटा यायच्या, घड्याळं आणि इलेक्ट्रॉनिक्सचा माल यायचा. खोल समुद्रात मोठ्या बोटीतून तो पडावात घ्यायचा, किनाऱ्यावर हमालांच्या डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायचा आणि पहाटेच्या आत महामार्गाला लावायचा. ही सगळी व्यवस्था बघणारा स्थानिक माणूस म्हणजे लँडिंग एजंट. हमाल त्याचे, पडाव त्याच्या ओळखीतले आणि मुख्य म्हणजे कस्टम्स आणि पोलिसांचा ‘हप्ता’ पोचवायची जबाबदारीही त्याचीच.

ही व्यवस्था कुठल्या एका धर्माची वा जातीची नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवं. पुढे दोषी ठरलेल्यांत मच्छीमार होते, ट्रकवाले होते, कस्टम्सचे वरिष्ठ अधिकारी होते, फौजदार होता, शिपाई होते. पैसा सगळ्यांनी घेतला होता.

या सवयीनेच पुढचा गुन्हा शक्य केला. रात्री ट्रक गेला तरी कोणी दचकत नव्हतं, कारण ट्रक जायचेच. नाक्यावरचा माणूस ताडपत्री उचलत नव्हता, कारण आत काय आहे हे त्याला ‘माहीत’ होतं. आत चांदी आहे, असं धरून चालायचं आणि आपला वाटा घ्यायचा. दिघी आणि शेखाडीच्या खेपांत त्याच ताडपत्रीखाली एके-५६ रायफली, हातबाँब आणि आरोपींच्या तोंडी ज्याला ‘काला साबुन’ म्हटलं गेलं ते आरडीएक्स आलं. किनारा तोच होता, माणसं तीच आणि हप्त्याची व्यवस्थाही तीच.

गोंडघर फाट्यावरची रात्र

खटल्यातल्या सगळ्या प्रसंगांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ९ जानेवारीच्या रात्रीचा. दिघीहून निघालेले ट्रक श्रीवर्धन पोलीस ठाण्याच्या पथकाने गोंडघर फाट्यावर अडवले. म्हणजे पोलीस हजर होते आणि त्यांनी गाड्या थांबवल्याही होत्या. स्फोटांना तेव्हा दोन महिने बाकी होते. ताडपत्री उचलली असती, ट्रक ठाण्यात आणून पंचांसमक्ष पंचनामा केला असता, तर हे प्रकरण त्याच रात्री एका वेगळ्याच दिशेने गेलं असतं.

झालं असं की बोलणी सुरू झाली. रक्कम लाखांच्या घरातली ठरली. एवढी रोकड त्या वेळी हाताशी नव्हती, म्हणून चांदीच्या पाच विटा तारण म्हणून पोलिसांकडे ठेवल्या गेल्या आणि ट्रक सुटले. जप्ती नाही, ठाण्यात नोंद नाही. चौदा वर्षांनी, २००७ मध्ये, टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने त्या पथकाच्या फौजदाराला जन्मठेप दिली आणि शिपायांना सहा-सहा वर्षांची शिक्षा सुनावली.

तारण ठेवलेल्या त्या विटा खटल्याच्या दृष्टीने दुधारी होत्या. एकीकडे लाच घेतल्याचा तो ढळढळीत पुरावा. दुसरीकडे बचाव पक्षाचा सगळा युक्तिवादही त्यांच्यावरच उभा राहू शकतो: आम्ही चांदी पाहिली, चांदी घेतली, ट्रकमध्ये चांदीच आहे असं समजलो. आमचा गुन्हा लाचेचा. बाँबस्फोटाच्या कटाशी आमचा काय संबंध?

हा प्रश्न फेटाळून लावण्यासारखा नाही. फौजदारी कायद्यात नुसतं कृत्य पुरत नाही, त्यामागची जाणीव शाबित करावी लागते. लाच घेणारा शिपाई आणि मुंबईत माणसं मारायला निघालेला कटकर्ता यांना एकाच मापाने मोजलं तर ते न्यायाला धरून होणार नाही. मात्र दोघांना पूर्ण वेगळं काढलं, तर उद्या प्रत्येक नाक्यावरचा माणूस ‘मला वाटलं चांदी आहे’ म्हणून मोकळा होईल. सरकारी पक्षासमोरची खरी अडचण इथे होती. आरोपी सापडले होते, माल कुठून कुठे गेला तेही कळलं होतं. कोणाच्या डोक्यात त्या रात्री काय होतं, हे कोर्टाला कसं दाखवायचं?

नाकाबंदी कुठे लावली?

हाच प्रश्न वरच्या पायरीवर आणखी टोकदार झाला. जानेवारीच्या अखेरीस कस्टम्सच्या यंत्रणेत वरून लेखी इशारा फिरला होता की किनाऱ्यावर शस्त्रं उतरवली जाण्याची शक्यता आहे. त्यानंतर कस्टम्सचे अ‍ॅडिशनल कलेक्टर सोमनाथ थापा यांच्या देखरेखीखाली सापळाही लावला गेला.

ज्यांनी हा भाग पाहिला आहे त्यांना रस्त्यांचं गणित लगेच कळेल. शेखाडीहून भरलेला ट्रक निघाला की समुद्राला समांतर जाणारे रस्ते त्याच्या कामाचे नसतात. त्याला डोंगर चढून म्हसळ्याकडे यावंच लागतं आणि पुढे साई, मोर्बा, माणगाव किंवा गोरेगाव यांपैकी कुठून तरी मुंबई-गोवा महामार्ग गाठावा लागतो. वाटा मोजक्या आहेत. सरकारी पक्षाचं म्हणणं असं की सापळा अशा ठिकाणी लावला गेला की साई-मोर्बा-गोरेगाव हे मोक्याचं जंक्शन मोकळं राहिलं, आणि हे चुकून झालं नव्हतं.

नाकाबंदी चुकीच्या जागी लावणं हा अकार्यक्षमपणा असू शकतो, मिळालेली खबर अर्धवट असू शकते, माणसं कमी असू शकतात. त्याला गुन्हा म्हणायचं तर ती जागा जाणूनबुजून निवडली हे दाखवावं लागतं. आरोप निश्चित करण्याच्या टप्प्यावरच हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ च्या निकालात न्यायालयाने कटाच्या आरोपाविषयी एक तत्त्व मांडलं, जे आजही वकील सर्रास उद्धृत करतात. कटात सामील असण्यासाठी बेकायदा कृत्याची जाणीव लागते. पण पुरवलेली वस्तू किंवा केलेली मदत अशी असेल की तिचा कायदेशीर उपयोग होऊच शकत नाही, तर त्या जाणिवेवरूनच हेतूचा निष्कर्ष काढता येतो. नेमका कोणता गुन्हा होणार होता, हे त्याला ठाऊक होतं असं प्रत्येक वेळी वेगळं शाबित करावं लागत नाही. थापा यांच्यावरचा आरोप कायम राहिला, पुढे टाडा न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयात अपिलांचा निकाल लागण्याआधी, २००८ मध्ये, त्यांचं निधन झालं.

माझ्या मते १९९६ चं हे तत्त्व योग्यच होतं. खाडीच्या तोंडाशी रात्री चोरून उतरवलेल्या मालाला वाट करून देणाऱ्याला ‘मला सगळं ठाऊक नव्हतं’ एवढं म्हणून सुटता येऊ नये.

धागा मुंबईत सापडला

तपासाची सुरुवात किनाऱ्यावरून झाली नाही. वरळीत सीमेन्सच्या कार्यालयाजवळ एमएफसी १९७२ क्रमांकाची मारुती व्हॅन बेवारस सापडली, आत शस्त्रं होती. नोंदणीवरून पोलीस माहीमच्या अल हुसैनी इमारतीतल्या मेमन कुटुंबाच्या घरी पोचले. घर बंद, माणसं देशाबाहेर. तिथे एका स्कूटरची किल्ली मिळाली आणि ती नायगावमध्ये न फुटलेल्या आरडीएक्ससकट उभ्या असलेल्या स्कूटरला लागली. तिथून एकेक माणूस, एकेक कबुली करत धागा मागे ओढला गेला तेव्हा कुठे तो शेखाडी आणि दिघीपर्यंत आला.

म्हणजे श्रीवर्धन तालुक्यात जे डझनभर लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, ते पोलिसांच्या कागदावर आलं मुंबईतल्या एका व्हॅनच्या नंबरप्लेटवरून. दोन महिन्यांत किनाऱ्यावरून एकही माणूस ठाण्यात गेला नाही. जाणार तरी कुठे? ठाण्याचा फौजदारच त्या व्यवस्थेत होता. साक्षीदार पुढे येत नाहीत म्हणून आपण गावकऱ्यांना बोल लावतो, पण तक्रार ज्याच्या टेबलावर ठेवायची तोच हप्त्यातला असेल तर गप्प बसणं हे भित्रेपणाचं लक्षण ठरत नाही.

तपासाचा पसारा मोठा होता. ४ नोव्हेंबर १९९३ ला १८९ जणांविरुद्ध दोषारोपपत्र दाखल झालं, त्याच महिन्यात तपास सीबीआयकडे गेला. आर्थर रोड तुरुंगाच्या आवारातल्या विशेष न्यायालयात १९९५ मध्ये खटला सुरू झाला. सरकारी पक्षाने ६८४ साक्षीदार तपासले. न्यायाधीश प्रमोद कोदे यांनी १२ सप्टेंबर २००६ पासून निकाल द्यायला सुरुवात केली. १२३ आरोपींपैकी १०० दोषी, २३ निर्दोष. शिक्षा सुनावणं ३१ जुलै २००७ ला संपलं.

कबुलीजबाब

जाणीव शाबित करण्याचा जो प्रश्न वर आला, त्याचं उत्तर सरकारी पक्षाने मुख्यतः कबुलीजबाबांतून दिलं. आपल्याकडच्या नेहमीच्या पुरावा कायद्यात पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १८७२ च्या कायद्यात हे कलम २५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे. फार तर आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग ग्राह्य धरता येतो. टाडा कायद्याने मात्र हा नियम बाजूला ठेवला होता. त्याच्या कलम १५ खाली पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली थेट पुरावा ठरत होती.

पद्धत अशी: अधिकारी आधी आरोपीला सांगतो की कबुली देणं तुझ्यावर बंधनकारक नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. मग विचार करायला वेळ देतो. काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत विचारतो. आरोपी तयार असेल तर त्याच्या भाषेत लिहून घेतो, वाचून दाखवतो, सही घेतो आणि कागद दंडाधिकाऱ्याकडे पाठवतो. शेखाडीच्या वाळूवर कोण उभं होतं, कोणी पेट्या उघडल्या, वाटेत वांगणी टॉवरपाशी माल दुसऱ्या गाड्यांत कोणी भरला, कोणासमोर ‘काला साबुन’ हातात घेतला गेला, हे सगळं न्यायालयासमोर आलं ते प्रामुख्याने अशा कागदांतून. म्हसळा भागातल्या एका लँडिंग एजंटला कामाच्या आधी दुबईला नेऊन भेट घडवल्याचंही त्यांतूनच पुढे आलं. त्याला आधीच सगळं सांगितलं गेलं असेल, तर ‘चांदी समजलो’ हा बचाव त्याच्यापुरता संपतो.

जवळजवळ सगळ्या आरोपींनी पुढे या कबुल्या नाकारल्या. मारहाण केली, कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयांनी हे आक्षेप तपासले. नकार किती उशिरा आला, दोन-तीन वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्या एकमेकींशी जुळतात का, आणि जप्ती, ओळख परेड, प्रयोगशाळेचे अहवाल अशा स्वतंत्र पुराव्याचा आधार मिळतो का, हे पाहून बहुतेक कबुल्या ग्राह्य धरल्या.

माझं मन इथे अडखळतं. शेखाडीच्या खटल्यात कबुल्यांशिवाय शिक्षा झाल्या असत्या का? ज्यांच्याकडे शस्त्रं सापडली त्यांना झाल्या असत्या. नाका मोकळा सोडणारे, ट्रक पुढे जाऊ देणारे, एजंट यांच्यातले बरेच जण सुटले असते, असं मला वाटतं. पण म्हणून पोलिसांपुढची कबुली हा मार्ग सरसकट खुला करावा, हे मला मान्य नाही. टाडाखाली देशभर हजारो लोकांना वर्षानुवर्षं कोठडीत ठेवलं गेलं, शिक्षा मात्र फार थोड्यांना झाली आणि मे १९९५ मध्ये तो कायदा मुदत न वाढवता संपू दिला गेला. महाराष्ट्रात १९९९ च्या मोक्का कायद्याने संघटित गुन्हेगारीसाठी तशीच कबुली पुन्हा ग्राह्य केली. दहशतवादाच्या खटल्यांसाठी आज जो यूएपीए वापरला जातो त्यात ही सोय नाही, आणि नसावीच.

कबुलीला पर्याय म्हणजे त्या-त्या वेळी झालेली साधी नोंद. गोंडघर फाट्यावर त्या रात्री किती गाड्या थांबवल्या, कोणत्या नंबरच्या, आत काय पाहिलं, याची चार ओळींची नोंद स्टेशन डायरीत असती, तर पुढे कोणाच्या डोक्यात काय होतं हे शोधत बसावं लागलं नसतं. खोटी नोंदही उपयोगाची असते, कारण तीच खोटेपणाचा पुरावा होते. काहीच न लिहिणं हे आरोपीच्या सर्वाधिक सोयीचं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं केलं आहे, ते मला यासाठीच महत्त्वाचं वाटतं. मोबाईलचा कॅमेरा चालू ठेवून ताडपत्री उचलली की ‘चांदी समजलो’ म्हणायला जागा उरत नाही. ज्यांनी गाडी अडवलीच नाही, त्यांच्यावर मात्र या कलमाचा काही परिणाम होणार नाही.

ज्यांना कटाची माहिती नव्हती

न्यायालयाने सगळ्यांना एकाच मापाने मोजलं नाही, हे खटल्याचं मोठं श्रेय. मुख्य कटात सामील असलेले वेगळे, आणि कटाचा पूर्ण आवाका ठाऊक नसताना दहशतवादी कृत्याला मदत करणारे वेगळे, असा फरक केला. दुसऱ्या गटासाठी टाडाचं कलम ३(३) होतं, त्यात कमीत कमी पाच वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. शिपायांना मिळालेली सहा वर्षं या मापाने बघावी लागतात.

सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ ला अपिलांवर निकाल दिला. टायगरचा भाऊ याकूब मेमन याची फाशी कायम राहिली, माल आणि बाँब हाताळणाऱ्या दहा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. ज्यांच्या हाताने स्फोट घडवले गेले ते सूत्रधारांच्या हातचे बाण होते, असा त्यामागचा विचार. पोलीस, कस्टम्स आणि तटरक्षक दल यांनी आपलं काम चोख केलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं, हेही न्यायालयाने सुनावलं. गुन्ह्यापासून अखेरच्या निकालापर्यंत वीस वर्षं गेली होती. तरुण वयात अटक झालेले पन्नाशीला आले होते, म्हातारे आरोपी तर वाटेतच गेले होते.

किनाऱ्यावर मधल्या काळात बरंच बदललं. १९९३ मध्येच नौदल आणि तटरक्षक दलाची ‘ऑपरेशन स्वान’ ही संयुक्त गस्त सुरू झाली, २६/११ नंतर सागरी पोलीस ठाणी वाढली आणि मच्छीमारांची ओळखपत्रं आली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच श्रीवर्धन तालुक्यात, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली, आत तीन एके-४७ रायफली. या वेळी स्थानिकांनी पोलिसांना कळवलं, जिल्हाभर नाकाबंदी लागली, आणि त्याच दिवशी विधानसभेत सांगितलं गेलं की बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची असून इंजिन बंद पडल्याने ओमानजवळ सोडून दिलेली होती. दहशतवादाचा संबंध तेव्हा आढळला नाही. पण लोक ठाण्यात गेले आणि ठाण्याने ताबडतोब नोंद घेतली, ही गोष्ट १९९३ मध्ये घडली नव्हती.

मूळ खटल्यातली सर्वांत मोठी उणीव अजून तशीच आहे. दाऊद इब्राहिम आणि टायगर मेमन फरार आहेत. दिघीच्या खेपेतला प्रमुख आरोपी मुस्तफा डोसा याच्यावर स्वतंत्र खटला चालला, १६ जून २०१७ ला तो दोषी ठरला आणि शिक्षा सुनावली जाण्याआधी, २८ जूनला, जे. जे. रुग्णालयात मेला. फरार म्हणून जाहीर झालेल्या आरोपीविरुद्ध त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून निकाल देण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ मध्ये आता आली आहे. १९९३ मध्ये ती नव्हती. त्यामुळे किनाऱ्यावर माल उचलणाऱ्या हमालापासून नाका सोडणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत साखळीतल्या बहुतेकांचा हिशेब कोर्टात झाला, आणि दाऊद व टायगर मेमन या सूत्रधारांचा खटला सुरूही झाला नाही.